कॅमरीची समजूत

माझा नवरा प्रोग्रॅमर आहे. बँकांचे व्यवहार ज्यावर चालतात असलं काहीतरी तो न्यू जर्सीत बसून लिहितो आणि ते बिघडलं की रात्री दोनला उठून दुरुस्त करतो. अशा माणसानं भर रविवारी ड्राइव्हवेत गाडीत बसून तिचं दार उघडायचं, लावायचं, पुन्हा उघडायचं, आणि ह्यालाही प्रोग्रॅमिंगच म्हणायचं, हे त्याच्या फार जिव्हारी लागलं.

गाडी 2002 सालची टोयोटा कॅमरी. त्या काळी चावी वेगळी आणि रिमोट वेगळा, दोघं एका कडीत लटकलेले. त्यातला एक रिमोट नवऱ्याच्या पँटच्या खिशातून वॉशिंग मशिनमध्ये गेला. मशिनमधून तो जिवंत बाहेर आला होता आणि ड्रायरनं मारला, असा नवऱ्याचा निष्कर्ष आहे. मी त्यात पडत नाही.

"चावी आहे ना? मग रिमोट कशाला हवा?" सांगलीहून आलेल्या सासूबाईंनी विचारलं. प्रश्न बिनतोड होता. पण त्या मे महिन्यात आल्या होत्या. जानेवारीत दोन्ही हातांत पिठाच्या पिशव्या, किल्लीच्या भोकात बर्फ, आणि मागं पोरं "आई, दार!" म्हणून ओरडताहेत, हा अनुभव त्यांना नव्हता.

डीलरला फोन केला. रिमोटचे पैसे वेगळे, प्रोग्रॅमिंगचे वेगळे. दुसरा आकडा ऐकून नवरा म्हणाला, "हे तर मीच करतो की!" इथूनच सगळं सुरू झालं.

पुण्याच्या दिरांनी तिकडून स्वस्तात रिमोट पाठवायची तयारी दाखवली. असे रिमोट तिथं ढिगानं मिळतात, दिसायलाही हुबेहूब. पण भारतातले रिमोट साधारण 433 मेगाहर्ट्झवर बोलतात आणि अमेरिकेतल्या आमच्या गाडीचा कान 315 वर. पुण्याच्या रिमोटनं कितीही हाका मारल्या असत्या तरी कॅमरीनं मान वर केली नसती. शेवटी जुन्या रिमोटच्या पाठीवरचा एफसीसी नंबर जुळवून ऑनलाइन मागवला. पुडीवर लिहिलं होतं : प्रोग्रॅमिंग सोपे, घरच्या घरी.

तो सोपा विधी असा. ड्रायव्हरचं दार उघडं, बाकीची बंद. चावी घाला-काढा, दोनदा. दार लावा-उघडा, दोनदा. चावी घाला-काढा, एकदा. दार लावा-उघडा, दोनदा. आता चावी घाला, दार लावा, चावी 'ऑन'पर्यंत फिरवून परत आणा आणि काढून घ्या. गाडी कुलपं खाली-वर करून होकार देते. मग रिमोटची लॉक-अनलॉक बटणं एकत्र दीडेक सेकंद दाबायची, नंतर नुसतं लॉक. आणि हे सगळं रमतगमत नाही, ठरल्या सेकंदांत. मध्ये कुणी "चहा टाकू का?" विचारलं की पहिल्यापासून.

सासूबाई पायरीवर बसून बघत होत्या. "आता डोळ्याला पाणी लावा म्हणायचंच राहिलंय," त्या म्हणाल्या.

शेजारचे गुजराथी काका बराच वेळ कुंपणापलीकडून बघत होते. एक शिकलासवरला माणूस स्वतःच्या गाडीत बसतो, दार आपटतो, उतरत नाही, पुन्हा उघडतो. घरात भांडण झालं असावं अशा समजुतीनं ते दबक्या पावलांनी आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "बेन, सब ठीक छे ने?" मी रिमोटचं सांगितल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. मग ते तिथंच थांबले आणि मोठ्यानं मोजायला लागले. गुजराथीत. नवरा मराठीत मोजत होता, मुलगा इंग्रजीत. अनुक्रमात चूक होणं साहजिकच होतं.

खरी गोची 'ऑन'पाशी होती. चावी एकदा फिरवली तर नवा रिमोट जुन्यांच्या जोडीला बसतो. दोनदा फिरवली तर गाडी आधीचे सगळे विसरते आणि फक्त नव्याला ओळखते. मोजणीच्या त्या त्रिभाषा सूत्रात नवऱ्यानं ती दोनदा फिरवली. गाडीनं खट्, खट् केलं. दोनदा फिरवलंत, दोनदा होकार. नवरा खूश. मग नव्या रिमोटची बटणं दाबली, पुन्हा खट्, खट्. तो आणखी खूश. पण ह्या पायरीवर एकदा खट् म्हणजे जमलं आणि दोनदा म्हणजे नाही! तोच आवाज, आधी होकार आणि अर्ध्या मिनिटात नकार. बटणं सोडण्यात घाई झाली होती. नवा रिमोट बसला नाही, आणि माझा चालू असलेला, धडधाकट रिमोटही गाडीनं ओळखीतून काढून टाकला. सकाळी घरात एक रिमोट चालत होता, दुपारी एकही नाही.

त्यानंतर नवरा आत गेला आणि कागद घेऊन बसला. जेवताना मात्र त्याचा सूर बदललेला होता. "अगं, ह्या गाडीला ना पडदा, ना कीबोर्ड," तो म्हणाला. "तिला कळतं काय? दार उघडंय की बंद, चावी आत आहे की बाहेर, आणि ती फिरलीय का. एवढ्या तीन गोष्टी. त्यांतूनच त्यांनी अशी खूण बनवली की चुकूनसुद्धा कुणाच्या हातून घडणार नाही." हे मलाही पटलं. शिवाय रिमोट प्रत्येक वेळी नवा सांकेतिक आकडा पाठवतो, म्हणजे कुणी हवेतून जुना पकडून ठेवला तरी तो उपयोगाचा नाही. म्हणूनच आधी गाडीला समजावून सांगावं लागतं की आकडे बदलत राहणारा हा माणूस आपलाच आहे.

संध्याकाळी काका फिरायला गेलेत हे बघून नवऱ्यानं एकट्यानं, मुकाट्यानं दोन्ही रिमोट बसवले. खट्. एकदाच.

फोर्डच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत दाराला हात लावावा लागत नाही, तिथं दहा सेकंदांत आठ वेळा चावी फिरवायची. होंडाच्या जुन्या गाड्यांची आणखी तिसरीच तऱ्हा. प्रत्येकीचे नखरे निराळे, पण मालकानं स्वतः बसून समजूत काढली तर त्या ऐकत. नव्या बहुतेक गाड्या ऐकत नाहीत. त्यांना कंपनीचं किंवा चावीवाल्याचं मशिन लागतं, आणि त्याचं बिल ऐकून आमच्या घरचा प्रोग्रॅमर हल्ली नुसता हसतो. चोरी टाळण्याच्या दृष्टीनं ते बरोबर असेल. मालकाच्या दृष्टीनं मला ते मुळीच मान्य नाही.

तेव्हा घरी जुनी गाडी असेल तर रिमोटच्या पाठीवरचा नंबर नीट जुळवून घ्या, तुमच्याच मॉडेलचा विधी मिळवा, घरातले सगळे रिमोट गोळा करा आणि मगच गाडीत बसा. आमच्यासारखी कॅमरी असेल तर चावी एकदाच फिरवा. आणि मोजायला फक्त एकाच माणसाला ठेवा.