चकवा आणि चार उपग्रह

डोंगरात सायकल चालवणाऱ्या मंडळींच्या गप्पांना विषय फार नसतात. टायरमध्ये हवा किती ठेवावी, मिसळ कुठली चांगली आणि गुडघा नेमका कुठे दुखतो, एवढ्यावर रविवारची सकाळ निघते. अलीकडे त्यात जीपीएसची भर पडलीय आणि बाकीचे विषय मागे पडलेत. हँडलवर बसवायचं ते एवढंसं यंत्र, पण कुठलं घ्यावं यावर पानशेत रोडच्या टपरीवर जेवढी चर्चा होते तेवढ्यात एखाद्या घरी मुलीचं लग्न ठरून याद्याही होतात. किमती काही हजारांपासून सुरू होतात. वरच्या टोकाला पोचेपर्यंत तेवढ्याच पैशात आणखी एक बरी सायकल आली असती. हे सगळ्यांना माहीत असतं, फक्त टपरीवर कुणी बोलत नाही.

खिशात फोन असताना हे कशाला, हा प्रश्न रास्त आहे. त्याच्या पाठोपाठ येणारं वाक्य मात्र साफ चूक: "नाहीतरी डोंगरात रेंज नसते, मग जीपीएस चालणार कसं?" जीपीएसचं मोबाइलच्या टॉवरशी काही देणंघेणं नाही. अमेरिकेचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून अखंड वेळ सांगत फिरत असतात आणि आपलं यंत्र नुसतं ऐकत असतं. चार उपग्रह नीट ऐकू आले की कुणाची हाक किती उशिरा पोचली त्यावरून ते आपली जागा काढतं. त्या उपग्रहांवरची अणुघड्याळं आपल्या घड्याळांपेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात. ते का, हे आइन्स्टाइनच्या सिद्धांतातून कळतं. ही तफावत हिशोबात धरली नाही तर एका दिवसात दहा-एक किलोमीटरची चूक साचेल. एवढा खटाटोप कशासाठी, तर पोट सुटलेल्या एका माणसाला चहा अजून दोन किलोमीटर लांब आहे हे कळावं म्हणून.

तर फोन चालतो. नकाशा आधी उतरवून ठेवला तर उत्तम चालतो. पण तो हँडलवर लावायचा म्हटलं की माझी छाती होत नाही. दणकट मोटरसायकलींच्या थरथरीने आयफोनच्या कॅमेऱ्याला इजा होऊ शकते असं २०२१ मध्ये खुद्द ॲपलनेच सांगून ठेवलंय. सायकलला इंजिन नसतं हे कबूल, पण मुरमाड उतारावरचे दगड तिला कमी हलवत नाहीत. शिवाय जीपीएस यंत्राला खिंड चढताना कुणी फोन करून क्रेडिट कार्ड हवंय का असं विचारत नाही. हा गुण कुठल्याच जाहिरातीत लिहिलेला नसतो.

अचूकपणाचं म्हणाल तर, मे २००० पर्यंत अमेरिकी सरकार सामान्य लोकांसाठीच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे. त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत इकडे तिकडे दाखवली जायची. सपाट मुलखात शंभर मीटरचं एवढं काही नाही. घाटमाथ्यावर मात्र शंभर मीटरची चूक म्हणजे देशावरचा माणूस थेट कोकणात, तोही पाच-सहाशे मीटर खाली. आता मोकळ्या पठारावर यंत्र चार-पाच मीटरच्या आत बोट ठेवतं. नाळेत शिरलं की आभाळाची एक चिंचोळी पट्टी उरते, संदेश कातळावर आपटून उशिरा येतात आणि पडद्यावर आपण दरीच्या मधोमध हवेत सायकल चालवत असतो. नवी यंत्रं उपग्रहाला दोन-दोन लहरींवर ऐकतात, त्यांना असल्या प्रतिध्वनीने फसवणं अवघड जातं. कड्याच्या पोटातून जाणाऱ्या वाटा धुंडाळायची हौस असेल तर या सोयीला जास्तीचे पैसे द्यावेत. नसेल तर देऊ नयेत.

पाऊस हा खरा परीक्षक. डब्यावर आयपीएक्स-७ लिहिलेलं असतं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडालं तरी चालेल. ताम्हिणीचा पाऊस अर्ध्या तासाची अट पाळत नाही, पण ते असो, यंत्रं सहसा टिकतात. टिकत नाही तो आपला संयम. बोटाने चालवायच्या पडद्यावर पावसाचे थेंबही बोटं ठेवतात. नकाशा जातो, कॅलरी येतात, त्या जातात, कुठल्याशा भाषेतल्या सेटिंग्ज येतात. चिखलाने भरलेला हातमोजा त्यावर फिरवला की उरलंसुरलंही दिसेनासं होतं. तेव्हा जाड, ठसठशीत, बोथट बोटालाही कळतील अशी बटणं. सह्याद्रीत सायकल चालवणाऱ्याने रंगीत पडद्यापेक्षा बटणांवर प्रेम करावं, असं माझं मत आहे.

उंचीची गंमत वेगळीच. बऱ्यापैकी यंत्रांत उंची हवेच्या दाबावरून काढतात. साधारण आठ-नऊ मीटर चढलं की दाब एक मिलिबारने उतरतो, असा तो हिशोब. आता वर जायचं सोडून आपण भजी खात बसलो आणि तेवढ्यात ढग दाटून दाब एक-दोन मिलिबारने पडला, तर छपराखाली टेकवून ठेवलेली सायकल दहा-पंधरा मीटर चढून मोकळी होते. आमच्यातले एक गृहस्थ तो चढही आपल्या खात्यावर धरतात आणि भजीचं बिल मात्र विभागून देतात. यंत्राच्या खालच्या अंगाला दाब मोजण्यासाठी टाचणीच्या टोकाएवढी भोकं असतात. त्यांत चिखल बसला किंवा पाणी साचलं की उंची जागच्या जागी थिजते. मग घाट चढून धापा टाकत वर आलो तरी यंत्राच्या लेखी आपण अजून गावातच.

बॅटरी दिवसभर पुरावी. पेन्सिल सेलवर चालणारी हातात धरायची यंत्रं दिसायला गबाळी असतात, पण सेल कुठल्याही वाडीतल्या किराणा दुकानात मिळतात. आणि यंत्राला एक दोरी बांधावी. प्लॅस्टिकचा खटका दगडाच्या एका दणक्यात निसटतो आणि कारवीच्या जंगलात पडलेलं यंत्र त्याची स्वतःचीही जागा सांगत नाही.

"अमेरिकेहून भाऊ येतोय, त्याच्याकडून मागवतो," असं म्हणणाऱ्यांना एक सूचना. साधं सायकलचं जीपीएस खुशाल आणवावं. पण उपग्रहामार्फत मदतीचा निरोप पाठवणारी यंत्रं आपल्याकडे दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत आणि त्यापायी प्रवाशांना विमानतळावर अडवल्याच्या घटना घडल्या आहेत. भावाला आधी डबा वाचायला सांगा.

राहता राहिला नकाशा. पुष्कळशा यंत्रांतला नकाशा ओपनस्ट्रीटमॅपवरून घेतलेला असतो, म्हणजे कुणी ना कुणी हौसेने काढलेला. सह्याद्रीतले हे हौशी बहुतेक पायी फिरणारे. त्यांनी इमानदारीने नोंदवलेली वाट कधी बैलगाडीची असते, कधी गुरांची, तर कधी पाणी ओसरल्यावर उरलेली घळ. पडद्यावर तिन्हींची तुटक रेघ सारखीच. मग गुरं घेऊन निघालेल्या एखाद्या मामांना विचारावं लागतं.

"मामा, या वाटेनं सायकल जाईल का?"

मामा आधी सायकलकडे बघतात, मग आपल्याकडे. "सायकल जाईल की, न जायला काय झालं? तुम्ही जाल का ते बघा."

एवढी नेमकी माहिती कुठल्याही कंपनीला देता आलेली नाही.

पण मामा दर वेळी भेटत नाहीत. श्रावणात पठारावर धुकं उतरलं की दहा पावलांवरचा सोबतीही दिसत नाही. अशा वेळी माणूस गोल गोल फिरतो आणि गावाकडे त्याला चकवा लागला म्हणतात. यंत्र चकवा उतरवत नाही, पण आपण काढलेली गोल वेटोळी पडद्यावर उमटवून दाखवतं, आणि आलो त्याच वाटेने परत कसं जायचं तेही सांगतं. माझ्या मते पैसे या एकाच कामाचे. हृदयाचे ठोके, झोपेचे गुण आणि गेल्या रविवारच्या आपल्याशीच लावलेली शर्यत हे सगळं वरकड.

म्हणून, बटणांचं, मधल्या किमतीचं, परतीची वाट दाखवणारं घ्यावं आणि उरलेल्या पैशात ब्रेक पॅड बदलावेत. दुकानात नुसतं चकाकतं यंत्र बघून भुलू नका. दुकानदाराकडे पाणी मागा, दोन थेंब पडद्यावर टाका आणि नकाशा जागेवर राहतो का ते बघा. घेतल्यावर लगेच घाटात पळवू नका. आधी ते हातात धरून, पायी, वेताळ टेकडीवर किंवा तुमच्या गावच्या पाठ असलेल्या टेकडीवर फिरवून आणा. तुम्हाला जी वाट डोळे मिटून येते तिथे ते काय सांगतं ते ऐका. फारच थापा मारत असेल तर माल परत घ्यायची मुदत संपायच्या आत दुकानात नेऊन द्या. पावती जपून ठेवा.