खोट अनुभवात आहे

आमच्या साहेबांना सध्या एआयनं झपाटलंय. परवा फर्मान निघालं: या तिमाहीत प्रत्येकाची उत्पादकता दुप्पट. कशाची दुप्पट, हे विचारायची आपल्याकडे पद्धत नाही.

आकडे मात्र साहेबांचं ऐकत नाहीत. 2025 मध्ये अमेरिकेतल्या 'मीटर' या संस्थेनं 16 मुरलेले प्रोग्रामर गाठले. त्यांच्याच रोजच्या प्रकल्पांतली 246 कामं घेतली. काही कामांना एआयची मुभा, काहींना बंदी. मुभा होती तिथं वेळ 19 टक्के जास्त लागला. गंमत पुढेच आहे. सगळं आटोपल्यावर विचारलं, तर मंडळी म्हणाली, एआयमुळे आमचा वेळ 20 टक्के वाचला! गेला कुठं तो वेळ? यंत्राला समजावण्यात, त्याची वाट बघण्यात आणि त्यानं केलेलं निस्तरण्यात. (आमच्याकडे हे सगळं साहेबांच्या पुतण्यासाठी करावं लागतं, पण त्याला कुणी एआय म्हणत नाही.)

म्हणजे पगारवाढ नाही, काम उरकलेलं नाही, तरी माणूस खूश. एचआरवाले यासाठीच इतकी वर्षं पिकनिकला नेत होते.

दुसरी बाजूही सांगायला हवी. अर्थशास्त्रज्ञ एरिक ब्रिन्योल्फसन आणि सहकाऱ्यांनी ग्राहकसेवेतल्या पाच हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांचं काम तपासलं, तेव्हा एआयमुळे उरक सरासरी 14 टक्के वाढलेला दिसला, नवख्यांचा तर 34 टक्के. मुरलेल्यांना फारसा फरक पडला नाही. साहेबांनी दोन्ही अभ्यासांचा सारांश एआयकडून काढून घेतला आणि निष्कर्ष स्वतः काढला: खोट अनुभवात आहे. आता जुन्या लोकांची यादी तयार होतेय. ती जुन्याच लोकांना करायला दिलीय, कारण नवख्यांना एक्सेल येत नाही.

स्वीडनच्या क्लार्ना या कंपनीनं 2024 मध्ये दवंडी पिटली होती की आमचा चॅटबॉट 700 माणसांचं काम करतो. पुढच्याच वर्षी दर्जा घसरल्याचं मान्य करून ते पुन्हा माणसं शोधायला निघाले.

अर्थशास्त्रज्ञ केन्सनं 1930 मध्ये लिहून ठेवलंय की नातवंडांच्या काळात आठवड्याला 15 तास काम पुरेल. नातवंडं आली, नारायण मूर्तींनी त्यांना 70 तास सांगितले.

मग वाचलेला वेळ जातो कुठं? मीटिंगचं इतिवृत्त यंत्र चुटकीसरशी लिहून देतं. त्यात कुणाच्या तोंडी भलतंच घातलंय का, हे बघायला दुसऱ्या दिवशी चार वाजता मीटिंग असते. तिचंही इतिवृत्त निघतं.