सागाचे छायाचित्र आणि कापसाचे गाठोडे

संग्रामपूर तालुक्याच्या उत्तरेस, अंबाबरवा अभयारण्यात, खरा साग संरक्षित उभा असल्यामुळे वरवट बकालच्या नव्या घरांत त्याचे छायाचित्र पायाखाली घालण्याची सोय मोरबीच्या फरशी-कारखान्यांनी केली आहे. ‘लाकडी’ म्हणून विकली जाणारी ही फरशी वस्तुतः भाजलेली माती असून तिच्यावरील रेषा आणि गाठी शाईने छापलेल्या असतात. खऱ्या लाकडाचा आग्रह धरणाऱ्यास मात्र आधी जांका कसोटी, म्हणजे पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवण्यास लागणाऱ्या बलाचे माप, समजून घ्यावी लागते. भाव वाढेल या आशेने बैठकीत आढ्यापर्यंत रचलेला कापूस, फरफटत नेलेली तुरीची पोती आणि वावरातून थेट आत येणारे चिखलाचे जोडे यांसाठी अशी कसोटी अद्याप कोणी काढलेली नाही.

खऱ्या लाकडावरील लेपाचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. पॉलियुरेथेन, म्हणजे वर बसणारा कठीण पारदर्शक थर, पाणी अडवतो, परंतु खोल ओरखडा पडल्यास सहसा अख्खी खोली घासून घ्यावी लागते. लाकडात मुरणारे तेल ठिकठिकाणी दुरुस्त करता येते, पण वारंवार द्यावे लागते. या दुसऱ्या वर्गात शेणाचे सारवण चपखल बसते, कारण ते स्वस्त, सहज उपलब्ध आणि हवे तेथे पुन्हा लावता येणारे आहे. त्याची मजुरी घरातील बाईला कधी मिळाली नाही, एवढीच त्याच्या किफायतशीरपणाची तांत्रिक बाजू होय.