दर वर्षी कायमचे बंद

मुंबईत जुनं हॉटेल जोरात चालवायचं असेल, तर ते बंद करण्याची घोषणा करावी. ग्रँट रोड स्टेशनबाहेरच्या ‘बी. मेरवान’ या इराणी हॉटेलची २०१४ साली शंभरी भरली. मार्चअखेर शटर कायमचं खाली येणार अशी बातमी छापून आली, आणि ज्यांनी ग्रँट रोड आयुष्यभर फास्ट लोकलच्या खिडकीतून पाहिलं होतं, तेही धीम्या गाडीने तिथे उतरले. मावा केकसाठी भल्या सकाळी रांगा लागल्या. डोळे पुसले गेले, ते पुसतानाचे फोटोही निघाले. पुढे शटर पुन्हा वर गेलं. तेव्हा मात्र डोळे पुसायला कोणी आलं नाही. दुःख करायला आम्ही कल्याणहून येऊ, पण आनंद घरबसल्याही होतो.

यावरून आम्ही एक योजना आखली आहे. शहरात उरलेल्या इराण्यांनी आळीपाळीने, दर वर्षी एकदा, कायमचं बंद व्हावं. जानेवारीत धोबी तलाव, फेब्रुवारीत फोर्ट, मार्चमध्ये बॅलार्ड इस्टेट. गणपतीत कोणी बंद होऊ नये, गर्दी विभागली जाते. घोषणेपासून शटर पडेपर्यंत पंधरा दिवस धंदा असा होईल की उरलेलं वर्ष मालकाला गल्ल्यावर बसून निवांत पेपर वाचता येईल. तसाही तो तेच करतो, पण आता काळजी न करता करेल.

योजनेचा कणा म्हणजे शोकाकुल गिऱ्हाईक. त्याच्या तीन जाती आहेत. पहिली, फोटोवाली. चौघांत मिळून एक ब्रुन मस्का मागवायचा, संगमरवरी टेबलावर तो तिरका ठेवायचा आणि उजेड येईपर्यंत थांबायचं. उजेड येतो तोवर चहावर साय धरते. मग पोऱ्याला सांगायचं, ‘भाऊ, चहा बदलून दे ना, फोटोत वाफ दिसत नाहीये.’

दुसरी जात जाणकारांची. हे खाण्यापेक्षा बोलतात जास्त. इराणी लोक यझ्द आणि केरमानकडून आले, कोपऱ्यावरची दुकानं अशुभ म्हणून दुसरे कोणी घेत नसत ती यांना मिळाली, भिंतीवरचे आरसे गिऱ्हाइकावर नजर ठेवायला लावलेले आहेत, असं सगळं ते शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगतात. शेजारच्या टेबलावरही एक जाणकार असतो. मग खुर्च्या ऑस्ट्रियाच्या की पोलंडच्या यावर वाद पेटतो. मधल्यामध्ये आम्लेट गार होतं.

तिसरी जात आमची, लेखकांची. ‘एक पर्व संपले’ हा लेख प्रत्येक वर्तमानपत्राच्या कपाटात तयार असतो. फक्त हॉटेलचं नाव भरायचं. त्यात पानीकम चाय येते, खारी येते, खिमापाव येतो, उडालेल्या रंगाची भिंत येते आणि ‘मुंबई आपला आत्मा हरवत चालली आहे’ हे वाक्य येतं. लेख लिहून झाला की आत्मा हरवलेल्या त्याच शहरातल्या एखाद्या मॉलमध्ये बसून आम्ही तो मेल करतो. तिथे एसी असतो, मोबाइल चार्ज करता येतो आणि एका कॉफीला इराण्याकडच्या आठवड्याच्या चहाइतके पैसे पडतात, ते आम्ही हूं की चूं न करता देतो. इराण्याने मात्र चहा दोन रुपयांनी महाग केला की ‘यांनाही आता पैशाची हाव सुटली’ असं आम्ही म्हणतो.

शोकसभेत मालकाला हमखास विचारला जाणारा प्रश्न असा: ‘तुमची मुलं का नाही हो हे चालवत?’ विचारणाऱ्याचा स्वतःचा मुलगा बेंगळुरूला असतो. त्याने उद्या फोन करून ‘बाबा, नोकरी सोडली, पहाटे चारला उठून भट्टी लावणार आहे’ असं सांगितलं, तर आई देव पाण्यात ठेवील आणि बाबा पुढच्या गाडीने बेंगळुरू गाठतील. वारसा जपावा, पण शेजाऱ्याच्या मुलाने.

इराण्यांच्या भिंतीवर पाट्या असत. मनाई केलेल्या गोष्टींची यादी मेनूपेक्षा लांब. निस्सिम इझिकेल यांनी तर तसल्या पाटीवर इंग्रजीत कविता केली. त्या जमान्यात गिऱ्हाईक येतं, खातं आणि जातं, अशी मालकाची समजूत होती. न खाता ते नुसतं गहिवरेल, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. म्हणून गहिवरायला मनाई असलेली पाटी कुठे दिसत नाही.

ज्यांना बंद होण्याचीही वाट पाहवत नाही, त्यांनी लंडनला जावं. तिथे ‘दिशूम’ या रेस्टॉरंटने २०१० पासून मुंबईच्या इराण्याची हुबेहूब हवा उभी केली आहे आणि लोक रांगा लावून पौंड मोजतात. आमची आत्येबहीण तिथून फोटो पाठवते, ‘अगदी मुंबई!’ त्या फोटोला पहिला अंगठा दाखवतो तो गिरगावातला भाऊ. त्याच्या घरापासून चालत पोहोचता येईल इतक्या अंतरावर १९०४ सालचं ‘कयानी’ उघडं आहे. पण ते उघडंच असल्यामुळे घाई नाही.

शासनाने या योजनेला साहाय्य करावं. दारावर वारसा-फलक लावावा, मंत्र्यांच्या हस्ते पडदा सरकवावा, मंत्र्यांना बन मस्का भरवावा. भाडं, पगार, मैदा, लोणी यांबद्दल मंत्र्यांनी काही बोलू नये, वातावरण बिघडतं.

योजनेला धोका एकाच माणसाचा आहे. हा सकाळी साडेसहाला येतो, ठरलेल्या खुर्चीवर बसतो. कोर्टात शिपाई असेल, टॅक्सी चालवत असेल, कुठल्या पेढीत हिशेब लिहीत असेल. चहात बुडवून ब्रुन खातो, सुटे पैसे ठेवतो आणि कामाला जातो. खुर्ची कुठल्या देशाची हे त्याला ठाऊक नाही. त्याने कधी फोटो काढला नाही, आणि या हॉटेलवर आपलं प्रेम आहे असा त्याला संशयही आलेला नाही. असली माणसं वाढली तर हॉटेल चालू लागेल, बंद करायला निमित्त उरणार नाही आणि आमच्या लेखाचं काय होईल?

सुदैवाने बंदोबस्त आपोआप होतो. घोषणेनंतरच्या पंधरवड्यात तो नेहमीप्रमाणे येतो, तेव्हा त्याच्या खुर्चीवर कोणीतरी गहिवरत बसलेलं असतं. त्याने रांगेत उभं राहावं, असं त्याला सौजन्याने सांगितलं जातं. कारण पुढे उभ्या असलेल्या प्रत्येकाचं या जागेशी फार जुनं नातं आहे.