घरचा घोडा कसा निवडावा : म्हातारा हयात असताना

हे मार्गदर्शन ज्यांच्या दारात आधीच एक वीस-बावीस वर्षांचा घोडा बांधलेला आहे, अशा कुटुंबांसाठी आहे. बाकीच्यांनी स्कूटर घ्यावी. तिला रोज पंचवीस-तीस लिटर पाणी पाजावं लागत नाही आणि तिची पंधरा-वीस किलो लीद पहाटे उचलावी लागत नाही. एवढं वाचूनही घोडाच घ्यायचा असेल, तर तुमचं काही खरं नाही. पुढे वाचा.

घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. थोरल्याच्या बारशाला आणलेला घोडा त्याच्याच वरातीत उभा राहू शकतो. पण विशीनंतर त्याला पाठीवर वजन नको वाटतं आणि घरातली नवी पोरं तर रिकिबीत पाय घालायला टपलेली असतात. अशा वेळी घरात सभा भरते. चिरंजीवांना काळा कुळकुळीत हवा असतो, कारण तो रीलमध्ये उठून दिसतो. काका म्हणतात, मारवाडीच घ्या, कान कसे टोकाला टोक भिडवून उभे असतात! आजी भोवरे विचारते. गळ्याशी देवमण असावा, डोळ्याखाली आसूढाळ नसावा, आणि पंचकल्याणी मिळाला तर डोळे झाकून घ्यावा. तो लाथ मारतो का, हे कुणीच विचारत नाही. सभेचं इतिवृत्त जपून ठेवा. नालबंदाला वाचून दाखवलं तर तो आठवडाभर हसेल.

खरं माप दारातच बांधलेलं असतं. म्हाताऱ्याबद्दल घरात जे जे सांगतात, ते आठवा. ‘तरुणपणी वाऱ्यासारखा पळायचा’ हे वाक्य सगळे म्हणतात, पण गोष्ट सांगायला बसले की निराळंच निघतं. धाकटी त्याच्या पोटाखाली खेळत होती आणि तो हलला नाही. गणपतीत डीजे दारावरून गेला, तो कडबा खात राहिला. बाबा खोगिरासकट घसरून पडले, तेव्हा तो थांबून त्यांच्याकडे बघत उभा होता. घराला त्याच्या धावण्याचं कौतुक असलं, तरी उपयोग झाला तो उभं राहण्याचाच. म्हणून नवा घोडा घेताना तो पळतो कसा हे शेवटी बघावं. उभा कसा राहतो, हे आधी.

आता बाजार. दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिथला घोडेबाजार मोठा. कोटीत किंमत सांगितलेला घोडा वर्तमानपत्रात छापून येतो, त्याच्याबरोबर फोटो काढावा आणि पुढे सरकावं. ढोलाच्या ठेक्यावर दोन पायांवर नाचणारा घोडाही बघावा, टाळ्या वाजवाव्यात. घरी आणल्यावर तो कुकरच्या शिट्टीवरही नाचेल, एवढंच लक्षात ठेवावं.

बाजारात प्रत्येक व्यापारी एकच वाक्य म्हणतो : “भाऊ, गाय आहे गाय!” संध्याकाळपर्यंत आपण गुरांच्या बाजारात आलो की काय, अशी शंका येते. अशा वेळी नम्रपणे म्हणावं, “मग आधी तुम्हीच बसा.” मालकच बसायला कां-कूं करू लागला, तर त्याच्या हातचा चहा घ्या, घोडा घेऊ नका. दुसऱ्या दिवशी न सांगता भल्या पहाटे पुन्हा जावं. छातीला, खोगिराखालच्या जागेला हात लावून बघावा. इतक्या सकाळी अंग घामाने ओलं असेल, तर आपल्यासमोर शांत दिसावा म्हणून त्याला आधीच दमवलेला आहे. चारही पाय एकेक करून उचलून मागावेत. सोबतच्या घोड्यांपासून एकट्याला दूर न्यायला सांगावं, मग ट्रॅक्टरजवळून. शेवटी कडक जमिनीवर दुडकीने चालवावं. दर दुसऱ्या पावलाला मान खालीवर होत असेल, तर तो तुमच्या किमतीला ‘हो’ म्हणत नाहीये. त्याचा पुढचा पाय दुखतोय.

धर्माच्या गायीचे दात मोजू नयेत म्हणतात. पण इथे रोकडा मोजायचा आहे, तेव्हा तोंड उघडायला लावावं. वरच्या कोपऱ्यातल्या दातावर साधारण दहाव्या वर्षी एक खाच दिसू लागते, पंधराव्याच्या सुमारास ती निम्म्यावर येते, विसाव्याला टोकाला पोचते. हिशेब ढोबळ आहे, पण व्यापाऱ्याच्या ‘सहा पुरी, सातवं लागलं’पेक्षा बरा. दहा ते पंधरातला मिळाला तर हसू दाबून ठेवा. त्याला कुणी बघत नसतं, त्यामुळे भावही बेताचा असतो. घोडी किंवा खच्ची केलेला घ्यावा. ‘वर्षाचं शिंगरू घ्या, पोरांबरोबर मोठं होईल’ असा सल्ला देणाऱ्याला पोरंही नसतात आणि शिंगरूही. शिकवणारा कुणीतरी एक लागतो. दोघेही अडाणी असले की शिकवतो तो हाडांचा डॉक्टर.

बाजारात जायचं नसेल तर अनुभवी घोडेही मिळतात. रेसकोर्सवरून निवृत्त झालेला स्वस्त पडतो, पण बंगल्याचं फाटक उघडलं की त्याला शर्यत सुटली असं वाटतं. वरातीचा घोडा फटाक्यांना भीत नाही, मात्र मंडप दिसला की आमंत्रण नसताना आत वळतो. माथेरानचा सर्वांत सज्जन. मोटारी नसलेल्या गावात त्याने पर्यटकांची आरडाओरड आयुष्यभर पाठीवर वाहिलेली असते. फक्त दर वळणावर फोटोसाठी थांबायची सवय जात नाही, आणि घरच्या घोड्यात ती खोड मानू नये.

सौदा ठरत आला की व्यापारी हळूच विचारेल, “जुना आहे ना घरी? तो द्या, वरचे पैसे कमी करतो.” इथे विनोद संपतो. त्या वयाचा घोडा घेऊन कुणी त्याला पेन्शन देत नाही. वीटभट्टी नाहीतर टांगा. नाही म्हणा.

ग्लँडर्सची रक्ततपासणी झाल्याचा कागद बघितल्याशिवाय नवा दाराशी आणू नका. हा रोग माणसालाही होतो आणि बाधित घोडा कायद्याने मारावा लागतो. आणल्यावर दोन-तीन आठवडे वेगळा बांधा. मग कुंपणापलीकडून ओळख. एकत्र सोडाल तेव्हा घोडे जितके, त्याहून चाऱ्याचा एक ढीग जास्त ठेवा, कारण नवा पहिल्याच दिवशी म्हाताऱ्याला गव्हाणीवरून हुसकून लावेल आणि म्हातारा भांडण न करता उपाशी राहील. घरातले म्हणतील, ‘वय झालं, खातोय कमी.’ गव्हाणीखाली बघा. चावून चावून टाकलेल्या गवताच्या ओल्या गुंडाळ्या पडल्या असतील, तर दोष भुकेचा नाही, दातांचा आहे. दात घासून घ्या, तोबऱ्यात भिजवलेला मऊ चारा द्या. चारा बदलायचा तर आठ-दहा दिवसांत हळूहळू. घोड्याला उलटी करता येत नाही, म्हणून पाहुण्यांनी प्रेमाने भरवलेला दिवाळीचा लाडू पोटशूळ होऊन जिवावर बेततो. सहा-आठ आठवड्यांनी खूर कापून घ्या, थंडीत झूल घाला. आणि त्याला रोज थोडं चालवा. घोडा का अडला, या जुन्या कोड्याचं उत्तर पाठ असून म्हाताऱ्याला वर्षभर खुंट्याला बांधून ठेवणारी घरं काही कमी नाहीत.

दत्तजयंतीला अवकाश असेल, तर यात्रेचं तिकीट काढण्याआधी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावून म्हाताऱ्याचं तोंड दाखवून घ्या. सारंगखेड्याला घोडे पुढच्या वर्षीही येणार आहेत.