गृहप्रयोगशाळा : चौक गावासाठी सुधारित नियमावली

सदर नियमावली इयत्ता सहावी ते आठवीच्या वयाच्या, पण कोणत्याही शाळेच्या पटावर नसलेल्या मुलांच्या पालकांसाठी आहे. त्यातही ज्यांचा विज्ञानाचा महिन्याचा खर्च एका बऱ्यापैकी पापलेटाच्या किमतीत बसला पाहिजे, त्यांनी ती विशेष लक्षपूर्वक वाचावी. कार्यक्षेत्र : उत्तनच्या पुढचे चौक गाव, धारावी किल्ल्यापासून होड्या लागतात तिथपर्यंत. साहित्य आणायला बसने भाईंदर स्टेशन गाठणाऱ्यांनी ते भाडे विज्ञानाच्या खात्यात टाकू नये. तो भूगोलाचा खर्च आहे.

कायद्याचे काय, हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात शेजारून येईल. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांविषयी बोलतो तो शाळेच्या संदर्भात. घरी शिकणाऱ्यांपैकी अनेकजण पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावीला बसतात. त्यासाठी वयाची चौदा वर्षे पूर्ण लागतात. तोवर ‘‘पोर दिवसभर करतं काय?’’ या पृच्छेला ‘‘प्रॅक्टिकल’’ एवढेच उत्तर द्यावे. या शब्दापुढे चौकशी सहसा सरकत नाही.

प्रयोगशाळेची स्थापना डेडस्टॉक रजिस्टरने करावी. शाळेत प्रयोगशाळेचा प्राण कपाटाच्या कुलपात असतो. आपल्यापैकी पुष्कळांनी सूक्ष्मदर्शक पाहिला तो काचेच्या दारातून, आणि दारावरची धूळ हीच त्यातली सर्वांत सूक्ष्म वस्तू होती. घरी कुलूप लावण्याजोगे काही नसते, तरी रजिस्टर हवेच. स्टीलची परात एक, पिठाची चाळण एक, शीतपेयाच्या रिकाम्या बाटल्या यथाशक्ती. तव्याची नोंद करण्यापूर्वी स्वयंपाकघराची लेखी परवानगी घ्यावी. तोंडी परवानगी संध्याकाळी नाकारली जाते.

काही हजारांचा ‘सायन्स किट’ घ्यावा का? नातेवाईक भेट देणार असतील तर अवश्य, खोके मजबूत असते. एरवी त्यातला प्रयोग चुकतच नाही, आणि न चुकणाऱ्या प्रयोगात मुलाला करण्यासारखे काही उरत नाही. १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यात सोळा शाळांमधून जे विज्ञान शिक्षणाचे काम सुरू झाले, त्यातून पुढे आलेल्या अरविंद गुप्तांनी काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून अख्खी भूमिती उभी केली. नंतर पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत कचऱ्यातून खेळणी केली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या घरातला कचरा मात्र अजून घंटागाडीलाच मिळतो, हे धोरण तपासून पाहावे.

रसायनशास्त्राचा प्रारंभ हळदीने करावा. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद साबणाच्या किंवा धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात लालभडक होतो, लिंबाने पुन्हा पिवळा. हा प्रयोग तुमच्या घरी कालवण सांडलेल्या सदऱ्यावर अनेकदा झालेला आहे. फक्त त्या वेळी त्याला विज्ञान न म्हणता दुसरे काही म्हटले गेले. हळद आम्ल ओळखत नाही, ही तिची मर्यादा. त्यासाठी गोकर्णाची निळी फुले गरम पाण्यात घालावीत : लिंबाने जांभळे-गुलाबी, सोड्याने हिरवट. फुले शेजारच्या कुंपणावरची असल्यास निरीक्षणे भल्या पहाटे घ्यावीत.

आता मेणबत्ती. परातीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वर उपडा ग्लास. ज्योत विझते, पाणी ग्लासात चढते, आणि शिकवणारा विजयी मुद्रेने सांगतो, ‘‘ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्याने घेतली!’’ पिढ्यान्‌पिढ्या हे उत्तर पूर्ण गुणांना पात्र ठरले आहे. अडचण एवढीच, की पोराने नीट पाहिले तर मेणबत्ती जळत असताना पाणी फारसे चढत नाही, ज्योत विझल्यावर भसकन चढते. मग एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावाव्यात. ग्लास तोच, त्यातला ऑक्सिजनही तेवढाच, पण पाणी जास्त वर जाते. खरी गोष्ट मुख्यतः तापलेल्या हवेची आहे : ग्लास ठेवताना ती पसरलेली असते, थोडी बुडबुड्यांनी बाहेर पळते, आणि विझल्यावर उरलेली गार होऊन आकसते. हे सारे मेणबत्तीच्या पुडीच्या किमतीत कळते. शाळेत कळले नसते, कारण तास संपला असता. ‘‘मग पुस्तकात खोटं का लिहितात?’’ असे विचारले गेल्यास पालकाने चहा ठेवायला उठावे.

जीवशास्त्राला चौकमध्ये तोटा नाही. मात्र सांगाड्याचा धडा बोंबलावर घेऊ नये. त्याचा कणा इतका मऊ, की विद्यार्थ्याला काटा हे मोठ्यांनी उगाच घातलेले भय वाटेल. बांगडा घ्यावा. कल्ल्याचे झाकण उचलून आतली लालबुंद झालर दाखवावी आणि ती लाल का, एवढेच विचारून गप्प बसावे. ढोमा मिळाला तर डोक्यातून दोन पांढरे खडे काढावेत. हे त्याच्या कानातले दगड. त्यांवर वाढीची वलये पडतात, आणि अभ्यासक ती मोजून माशाचे वय काढतात. मासेवाल्या मावशीला ‘‘वय किती?’’ विचारताना बोट माशाकडे असावे. शिकवून झालेले साहित्य रात्री कालवणात जमा करून रजिस्टरमध्ये ‘निर्लेखित’ असा शेरा मारावा.

बाष्पीभवनासाठी ताजे बोंबील वजन करून वलांडीवर टांगावेत आणि रोज वजनाचा आलेख काढावा. ताज्या बोंबलात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असते, तेव्हा आलेख कड्यावरून घसरल्यासारखा उतरतो. एखाद्या दिवशी वजन एकदम शून्यावर आले, तर ते बाष्पीभवन नसून मांजर आहे. वैज्ञानिक नोंदीत याला ‘बाह्य घटक’ म्हणतात. समुद्राचे पाणी एक लिटर परातीत आटवले तर साधारण ३५ ग्रॅम क्षार हाती लागतात. पावसाळ्यात खाडीचे पाणी घेतल्यास हिशेब बसणार नाही. का, ते मुलाला शोधू द्यावे. भाईंदरच्या मिठागरांचा धडा इथेच उरकतो.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून जीवशास्त्रही बंद. हा काळ खगोलाला द्यावा. ढग असतात, हे मान्य. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. पण पावसात ती रोजच नाहीशी असते, त्यामुळे प्रयोग यशस्वी झाल्याची नोंद बिनदिक्कत करता येते. खरोखर पाहायची असेल, तर हीच गोष्ट मेच्या मध्यावरही घडते.

शेवटी प्रात्यक्षिक परीक्षा. बाह्य परीक्षक म्हणून गावातल्या एखाद्या वयस्कर तांडेलास बोलवावे. मानधन चहा. ते एकच प्रश्न विचारतील : ‘‘आज तीथ काय? भरती कवा?’’ उत्तर काढण्याची रीत किनाऱ्यावर मुरलेली आहे. तिथीची पाऊणपट करावी. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमी असेल तर सहा वाजता. दिवसा एकदा, रात्री एकदा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग, म्हणजे बेताचीच भरती. विद्यार्थी चलाख असेल तर विचारील, की चंद्र रोज सरासरी ५० मिनिटे उशीर करतो, पाऊणपटीने मात्र ४५ मिनिटेच धरली जातात, मग उरलेली पाच मिनिटे जातात कुठे? पालकांनी या वेळी परीक्षकांकडे पाहावे. परीक्षक किल्ल्यापलीकडच्या पाण्याकडे पाहतील आणि दुसरा चहा मागतील. त्या अवधीत पोराला कागद-पेन्सिल देऊन पुढचे पंधरा दिवस रोज भरतीची वेळ लिहायला सांगावे. खर्च : पेन्सिल.