कूलरच्या टाकीत केपचा साहेब

भाचा केपटाऊनहून आला आणि नागपूरच्या जरीपटक्यातल्या आमच्या टेबलावर त्याने पांढऱ्या, हलक्या वाइनची बाटली ठेवली. लेबलवर गाव : रीबीक-कास्टील. "मामा, ही आठ-दहा अंशांवर प्यायची असते," तो म्हणाला. बाहेर मे महिना, पारा पंचेचाळीसवर. फ्रिजमध्ये पन्हं, ताक आणि खरबूज यांची आधीच चेंगराचेंगरी, म्हणून बाटली कूलरच्या टाकीत सोडली. फ्रान्समधल्या तळघरात वाळ्याचा वास मिळत नाही.

त्या गावाला नाव मिळालं ते यान फान रीबीकचं. मूळचा जहाजावरचा शल्यवैद्य, डच ईस्ट इंडिया कंपनीचा चाकर. 1652 मध्ये तो केपला उतरला, वेली लावल्या आणि 2 फेब्रुवारी 1659 ला तिथल्या द्राक्षांची पहिली वाइन निघाली म्हणून रोजनिशीत देवाचे आभार मानले. त्याच वर्षी, कुरणं गेली म्हणून तिथले मूळ रहिवासी खोईखोई त्याच्याविरुद्ध लढायला उठले. लेबलवर अर्थातच फक्त फळांचा स्वाद लिहिलाय.

वाइनचा हा खटाटोप कशाला? तर लांबच्या प्रवासात खलाशांना स्कर्व्ही होई, हिरड्या सडत, आणि वाइनने ती टळते असा समज होता. टळत नाही. 1747 मध्ये जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलाच्या डॉक्टरने आजारी खलाशांना संत्री-लिंबं खाऊ घातली, तर त्यातला एक सहा दिवसांत कामावर हजर! संत्री! नागपूरकराला हे ऐकून जी नशा चढते, ती बाटलीच्या बापाला जमायची नाही.

त्यात सोबत सावजी मटण. पहिल्या घासानंतर तोंडात वाइन आहे की कूलरचं पाणी, हे कळायची सोय राहिली नाही. शेजारचे सिंधी काका म्हणाले, "साईं, इसमें सोडा डालें क्या?" भाच्याने डोळे मिटून घेतले.

बाटलीवरच्या नावावरून आठवलं : आपल्याकडे जानेवारी 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ठरवलं, की दारूच्या दुकानांना महापुरुषांची आणि गडकिल्ल्यांची नावं नकोत. त्याच महिन्यात सुपरमार्केटात वाइन विकू द्यायचंही ठरलं. ते पुढे बारगळलं. पाटीचं सोवळं मात्र मला मान्य आहे, कारण घोटाघोटाला इतिहास उकरून काढला तर प्यायचं कधी? नाशिकची 'सुला' बघा. या वाइनचे संस्थापक राजीव सामंत यांनी ते नाव आईच्या सुलभा या नावावरून घेतलं. ही रीत मला पसंत आहे. आई फार तर अभ्यासाला बसवते. कुणाची कुरणं बळकावत नाही.